राज्य मोडलें, ठेव राहिली

वाचनाचे भाग: दानीएल, अध्याय २, मत्तय २२:१५–२२, प्रकटीकरण, अध्याय १८.

दानीएलाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ वेळां वाचला जातो. बाबेलच्या राजानें स्वप्नांत एक प्रचंड पुतळा पाहिला. त्याचें मस्तक सोन्याचें, छाती रुप्याची, पोट पितळेचें, पाय लोखंडाचे आणि पावलें लोखंड व माती ह्यांचीं होतीं. मनुष्याचा हात न लागतां सुटलेल्या एका धोंड्यानें त्या पुतळ्याचा चुरा झाला. हा अध्याय ऐकतांना आपल्या मनांत असें येतें कीं, बाबेल, पारस, ग्रीस, रोम हीं नांवें फार दूरचीं. त्यांच्या उदयास्ताशीं आपल्या शेतवाडीचा काय संबंध? म्हणून ह्या पाठांत आम्ही त्याच सत्याचा एक दाखला आपल्या दाराशीं असलेल्या मातींतून घेणार आहों. एक मोठें साम्राज्य आपल्या ह्याच मुलुखावर नांदलें आणि लयास गेलें. तें कसें गेलें, आणि गेल्यावर मागें काय राहिलें, ह्याचा विचार करूं.

ब्रह्मपुरीच्या मातींत

कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. १९४५–४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्वान हसमुख सांकलिया व मोरेश्वर दीक्षित ह्यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. वरच्या थरांत बहामनी काळच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. त्यांच्या खालीं, अठरा-एकोणीस शतकांपूर्वींचें, सातवाहन राजांच्या काळचें भरभराटीचें नगर आढळलें. भाजलेल्या विटांचीं घरें होतीं, मणी होते, नाणीं होतीं. त्याच टेकडीवर सांपडलेल्या कांशाच्या वस्तूंत समुद्रापलीकडून आलेल्या कांहीं जिनसा होत्या, आणि त्यांत एक लहानसा पुतळा होता. त्याची उंची वीतभरही नाहीं. तो पोसायडन नांवाच्या देवाचा आहे. ग्रीक व रोमी लोक ह्यास समुद्राचा स्वामी मानून त्याची पूजा करीत असत. ब्रह्मपुरीच्या वस्तु कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत. उपदेशकांनीं मुलांस घेऊन जाऊन त्या अवश्य दाखवाव्या.

रोमी साम्राज्यांतली मूर्ति पंचगंगेच्या कांठीं कशी आली? व्यापारानें आली. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या शतकांत, म्हणजे प्रेषितांच्याच काळीं, एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या दर्यावर्दी माणसानें ह्या समुद्रमार्गाचें वर्णन लिहून ठेविलें. त्यांत तो सांगतो कीं, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर म्हणजे आपलें तेर आहे, आणि तेथून अवघड वाटांनीं गाड्यांवर लादून माल बंदरास येतो. कापड, मोलाचे खडे, मिरें, मोत्यें, हस्तिदंत हा माल हिंदुस्थानांतून जाई. सोनें, रुपें, मद्य व कांशाचीं भांडीं इकडे येत. रोमी लेखक प्लिनी ह्यानें तक्रार केली आहे कीं, हिंदुस्थान आमच्या साम्राज्यांतून दरसाल पांच कोटि सेस्टर्स ओढून घेतो. सेस्टर्स हें रोमी नाणें होतें.

नाण्यावर नाणें

सातवाहनांची राजधानी पैठण. त्यांच्या वंशांतला सर्वांत पराक्रमी राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्यापूर्वीं उत्तर महाराष्ट्र व कोंकण शकांच्या क्षहरात घराण्यांतील नहपान राजाच्या हातीं गेलें होतें. गौतमीपुत्रानें तें परत जिंकिलें. नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांत, ज्यास आज आपण पांडवलेणीं म्हणतों, त्याची आई गौतमी बलश्री हिनें एक लेख कोरविला आहे. माझ्या पुत्रानें शक, यवन व पह्लव ह्यांचा नाश केला, क्षहरातांचें निर्मूलन केलें, त्याच्या वाहनांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें, अशा आशयाची त्याची थोरवी तींत गाइली आहे. पुत्र निवर्तल्यावर नातवाच्या कारकीर्दींत एका वृद्ध मातेनें लिहविलेले हे शब्द आहेत.

जयाचा दुसरा पुरावा ह्याहून बोलका आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें रुप्याच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक होतीं आणि सारीं नहपानाचीं. परंतु त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारिला होता. नाणें वितळविलें नाहीं. नहपानाच्या मुखावरच आपलें चिन्ह ठोकलें. नीट पाहिलें तर खालचा ठसा आजही अंधुक दिसतो.

आपल्या कोल्हापुरांतही हाच प्रकार झाला. येथें ज्यांस कुर राजे म्हणतात त्यांचीं नाणीं मिळालीं आहेत. त्यांवर एका बाजूस धनुष्यबाण असतो. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर अशीं तीन नांवें त्यांवर वाचतां येतात. शिवलकुरानें पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारिला, आणि तिसऱ्यानें त्या दोघांच्याही नाण्यांवर मारिला. धातु एकच, मालक तीन. ज्यानें दुसऱ्याचा ठसा पुसला, त्याचा ठसा पुसणारा त्याच्या मागोमाग येतच होता.

साम्राज्य कसें ओसरलें

सातवाहनांचें राज्य एका लढाईनें बुडालें नाहीं. तें नदीच्या पुराप्रमाणें ओसरलें. त्याचीं कारणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत.

पहिलें कारण युद्ध. पश्चिमेच्या क्षत्रपांशीं त्यांचें वैर पिढ्यान्‌पिढ्या चाललें. गुजराथेंत जुनागड येथें क्षत्रप रुद्रदामन् ह्याचा इ. स. १५० चा शिलालेख आहे. दक्षिणापथाच्या सातकर्णीस आपण दोनदां जिंकिलें, पण जवळच्या नात्यामुळें त्याचा समूळ नाश केला नाहीं, असें त्यांत तो म्हणतो. म्हणजे ज्यांचें निर्मूलन झाल्याचें त्रिरश्मीवर कोरिलें, त्यांच्याच जातभाईंनीं थोड्याच काळांत उलट विजय कोरिला. आणि हे शत्रु आपसांत सोयरेही झाले होते.

दुसरें कारण आंतील फूट. साम्राज्य मोठें दिसत होतें, तरी त्याच्या पोटांत महारठी, महाभोज असे बलवान सरदार होते. टॉलेमी नांवाच्या ग्रीक भूगोलकारानें दुसऱ्या शतकांत दक्षिणेचीं नगरें लिहितांना पैठणास एक राजा आणि हिप्पोकूर नांवाच्या नगरास दुसरा राजा सांगितला आहे. ह्या दुसऱ्याचें नांव तो बालेओकूर असें देतो, आणि हा आपल्या नाण्यांवरचा विळिवायकुरच असावा असें विद्वान मानितात. पैठणची सत्ता उभी असतांनाच जागोजाग आपापला ठसा मारणारे निर्माण झाले होते. दानीएलानें सांगितलेल्या लोखंडमातीच्या पावलांचा अर्थ ह्याहून निराळा तो काय?

यज्ञश्री सातकर्णी हा शेवटचा मोठा राजा. त्यानंतर घराण्याच्या शाखा झाल्या, आणि तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत तें नामशेष झालें. नाशिककडे आभीर, विदर्भांत वाकाटक, बनवासीकडे चुटु आणि कृष्णेच्या खालच्या खोऱ्यांत इक्ष्वाकु अशीं निरनिराळीं राज्यें उभीं राहिलीं. त्याच शतकांत रोमी साम्राज्यांतही अंदाधुंदी माजली. इ. स. २३५ पासून २८४ पर्यंत तेथें सैन्यें वाटेल त्यास सम्राट करीत व मारीत होतीं. रुप्याच्या नाण्यांत रुपें नांवापुरतें उरलें. समुद्रापलीकडचा व्यापार रोडावला, आणि त्यावर जगणाऱ्या आपल्याकडील नगरांसही झळ लागली. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायांत मोठ्या नगराच्या नाशाबद्दल शोक करणारे व्यापारी आहेत. त्यांच्या मालाच्या यादींत मोत्यें, हस्तिदंत, तलम वस्त्रें, सुगंधी द्रव्यें आहेत, आणि अगदीं शेवटीं मनुष्यांचे जीव आहेत. तो अध्याय वाचतांना घाटांतून उतरणाऱ्या आपल्या गाड्या डोळ्यांपुढें आणाव्या, म्हणजे तो परका वाटणार नाहीं.

रोम पडलें तेव्हां

ह्या ठिकाणीं ख्रिस्ती मंडळीनें विशेष शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. आरंभीं रोमी सत्तेनें मंडळीचा छळ केला. पुढें इ. स. ३१३ मध्यें सम्राट कॉन्स्टंटाइन ह्याच्या वेळीं तिला मोकळीक मिळाली, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला. मग कित्येक विश्वासणाऱ्यांस असें वाटूं लागलें कीं, रोमचें राज्य आणि देवाचें राज्य हीं जणूं एकच. इ. स. ४१० मध्यें अलारिक ह्याच्या गॉथ सैन्यानें रोम लुटलें, तेव्हां अशा लोकांच्या पायांखालची जमीन सरकली. जुन्या देवतांस मानणारे म्हणूं लागले कीं, ख्रिस्ती लोकांमुळेंच नगर बुडालें.

उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो गांवचा बिशप ऑगस्टिन ह्यानें ह्याचें उत्तर म्हणून देवाच्या नगराविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. इ. स. ४१३ च्या सुमारास आरंभिलेला हा ग्रंथ पुरा होण्यास बारा-तेरा वर्षें लागलीं. त्याचा सारांश आमच्या शब्दांत असा: जगांत दोन नगरें एकमेकांत मिसळून चाललीं आहेत, एक स्वतःवरील प्रीतीवर उभें, दुसरें देवावरील प्रीतीवर. पृथ्वीवरचें कोणतेंही राज्य, मग तें आपणांस कितीही अनुकूल असो, तें दुसरें नगर नव्हे. इ. स. ४३० मध्यें व्हँडल लोकांचा वेढा हिप्पोभोंवतीं पडला असतांनाच ऑगस्टिन मरण पावला. इ. स. ४७६ मध्यें पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला. सम्राट गेला, परंतु मंडळी राहिली. रोमच्या लुटींतही पेत्र व पौल ह्यांच्या नांवाच्या देवळांत आश्रय घेतलेल्या लोकांस विजेत्यांनीं हात लाविला नाहीं, हें इतिहासांत नमूद आहे.

राज्य गेल्यावर काय उरलें

आतां पुन्हां त्रिरश्मीच्या डोंगराकडे वळूं. कारण आमच्या पाठाचा गाभा तेथें कोरलेला आहे.

त्या डोंगरांत बौद्ध भिक्षु राहत असत. गौतमीपुत्रापूर्वीं, नहपानाच्या अमलांत, त्याचा जांवई उषवदात ह्यानें तेथें एक लेणें देऊन भिक्षूंच्या निर्वाहाची सोय केली. त्यानें ३,००० कार्षापण गोवर्धन गांवच्या विणकरांच्या दोन श्रेणींपाशीं ठेव म्हणून ठेविले. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची पंचायत. त्यांपैकीं २,००० कार्षापणांवर दरमहा शेंकडा एक असें व्याज ठरलें. हिशेब सोपा आहे: महिन्यास २०, वर्षास २४०, त्यांतून वीस भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं १२. मुद्दल कधींही खर्चावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें; म्हणून अशा ठेवीस अक्षयनीवि म्हणत. ही ठेव नगराच्या सभेंत वाचून दाखविली व दप्तरीं नोंदविली, हेंही त्या लेखांत सांगितलें आहे.

ह्यानंतर नहपानाचें राज्य गेलें, सातवाहन आले, आणि तेही गेले. आभीरांचा राजा ईश्वरसेन नाशिकवर राज्य करूं लागला. त्याच्या नवव्या वर्षीं, तिसऱ्या शतकाच्या मध्यास, त्याच डोंगरांत आणखी एक लेख कोरला गेला. देणगी देणारी विष्णुदत्ता नांवाची एक उपासिका आहे, आणि ती आपणांस शक म्हणविते. ज्या शकांचा नाश झाल्याची ग्वाही त्याच डोंगरांत मोठ्या अक्षरांनीं कोरिली होती, त्यांचीच ही लेक. तिनें काय मागितलें? सूड मागितला नाहीं, राज्य मागितलें नाहीं. चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंपैकीं जे आजारी पडतील त्यांच्या औषधपाण्यासाठीं तिनें अक्षयनीवि ठेविली. आणि ती कुंभार, जलयंत्रें करणारे, तेली अशा कष्टकऱ्यांच्या निरनिराळ्या श्रेणींच्या हातीं सोंपविली.

वाचकहो, येथें क्षणभर थांबा. तीन राजवंश आले आणि गेले. एकानें दुसऱ्याच्या नाण्यावर आपला ठसा मारिला. परंतु कुंभाराचें चाक व तेल्याचा घाणा चालूच होता, आणि आजाऱ्याच्या औषधाचा पैसा राजवाड्यावर भरंवसा ठेवून नव्हे, तर अशा कष्टकऱ्यांच्या शब्दावर भरंवसा ठेवून दिला जात होता. ते भिक्षु व ती बाई आपल्या मताचीं नव्हतीं, हें खरें. तथापि जें सत्य व आदरणीय आहे तें जेथें आढळेल तेथें त्याचें मनन करावें, असें प्रेषित पौलानें फिलिप्पैकरांस शिकविलें आहे. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांतही प्रभूनें चांगुलपणाचा कित्ता परक्याच्याच हातचा दाखविला.

आपणांस बोध

आपल्या ह्या भागांतल्या मंडळ्यांनीं एका साम्राज्याचा अस्त पाहिला आहे. १८५२ सालीं अमेरिकेंतील मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर ह्यांनीं कोल्हापुरांत कामास आरंभ केला, तेव्हां इंग्रजांचा दरारा होता. १९४७ सालीं इंग्रजी राज्य संपलें. १९४९ सालीं कोल्हापूर संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. आणि पुढें परदेशी मिशनरींचा काळही सरला. पुष्कळ गांवीं वडील मंडळींच्या तोंडून अजून ऐकूं येतें कीं, साहेबांच्या वेळीं असें नव्हतें. शाळा होती, मदत येत होती, कोणी विचारणारा होता. त्या सेवकांच्या श्रमांबद्दल देवाचे आभार मानणें योग्य आहे. परंतु ज्यांची आशा साहेबाच्या हातावर होती त्यांची गत ४१० सालच्या रोमी ख्रिस्ती लोकांसारखीच होईल.

तर मग उरलेल्या मंडळीनें काय करावें? त्रिरश्मीच्या लेखांतून तीन साध्या गोष्टी घेतां येतात. एक: मुद्दल खाऊं नये. मंडळीचें शेत, इमारत किंवा निधि हा मागल्यांनीं पुढल्यांसाठीं ठेविलेला असतो. आजच्या अडचणीसाठीं तो विकणारा आपल्या नातवंडांच्या ताटांतला घांस काढितो. दुसरी: ठेव एकाच हातीं देऊं नये. विष्णुदत्तेनें ती अनेक श्रेणींत वांटली. मंडळीचा पैसाही एकाच्या पेटींत असूं नये, मग तो मनुष्य कितीही भला असो. तिसरी: हिशेब चारचौघांत वाचून दाखवावा व लिहून ठेवावा. जी मंडळी दर महिन्यास उपासनेनंतर हिशेब वाचते, तींत तंट्यास वाव फार थोडा राहतो. आणि आपण गरीब आहों, आपण काय ठेवणार, असें कोणी म्हणूं नये. स्वयंपाकाच्या वेळीं बाजूस काढलेली मूठभर ज्वारी घराघरांतून गोळा झाली, तर तिच्यांतून गांवच्या आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यास नेण्याचें गाडीभाडें निघतें.

तथापि एक सावधगिरीची सूचना दिल्यावांचून आम्हांस हा पाठ संपवितां येत नाहीं. अक्षय म्हणून कोरलेली ती ठेव आज कोठें आहे? गोवर्धनच्या त्या श्रेणी नाहींत, तें व्याज नाहीं. दगडांतला शब्द मात्र आहे. मनुष्याच्या हातचें अक्षय तें इतकेंच. म्हणून प्रभूनें आपली संपत्ति जेथें कसर व जंग लागत नाहीं तेथें सांठविण्यास सांगितलें. मग ठेव ठेवावी तरी कां?

ह्याचें उत्तर मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. कर द्यावा कीं नाहीं असें विचारून प्रभूस पेंचांत धरूं पाहणाऱ्यांपाशीं त्यानें एक नाणें मागितलें, आणि त्यावर मुद्रा व लेख कोणाचा हें त्यांच्याच तोंडून वदविलें. मुद्रा कैसराची होती. म्हणून जें कैसराचें तें कैसरास देण्यास व जें देवाचें तें देवास देण्यास त्यानें सांगितलें. देवाचें काय, हें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत आहे: मनुष्य देवाच्या प्रतिरूपाप्रमाणें उत्पन्न केलेला आहे. नाण्यावरचा ठसा दुसरा राजा येऊन पुसतो. मनुष्यावरचा हा ठसा पापानें मळतो, परंतु त्यावर दुसरा ठसा मारण्याचा अधिकार नहपानास नव्हता, गौतमीपुत्रास नव्हता, कैसरास नव्हता, आणि आज कोणासही नाहीं. दाराशीं तापानें फणफणणारा मनुष्य, मग तो कोणत्याही जातीचा, मताचा वा पक्षाचा असो, त्या राजाचें नाणें आहे. त्याच्या औषधासाठीं आपली मूठ बाजूस काढावयाची, ती टिकेल म्हणून नव्हे, तर तो कोणाचा आहे हें आपण ओळखलें म्हणून.

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न

१. सातवाहनांचें राज्य दुबळें होण्याचीं कोणतीं कारणें वर सांगितलीं? तशीं कारणें आपल्या मंडळींत आहेत काय?

२. नाण्यावर नाणें ठोकण्याची चाल कोठें कोठें दिसली? तींतून राजांच्या वैभवाविषयीं काय समजतें?

३. विष्णुदत्तेनें आपली ठेव राजाच्या हातीं न देतां कष्टकऱ्यांच्या श्रेणींकडे कां दिली असेल?

४. आपल्या मंडळीच्या ठेवीचा हिशेब शेवटीं केव्हां वाचला गेला? पुढचा केव्हां वाचावयाचा, तो दिवस आजच ठरवा.